वरचे पान

नवरात्र जवळ आले की बेळगावातल्या जुन्या घरांतून एकच लगबग सुरू होते. चार महिन्यांच्या पावसाने ओल धरलेल्या भिंती, कोंदटलेली कपाटे आणि माळ्यावरच्या पेट्या यांना याच दिवसांत काय ती मोकळी हवा मिळते. अंथरुणे-पांघरुणे धुण्यास निघतात, तांब्यापितळेची भांडी चिंचेने उजळतात, आणि आमच्या घरी या सर्वांबरोबर एक हिरवी पत्र्याची पेटीही ओसरीवर येऊन बसते. आमच्या सौभाग्यवती तिला 'माझी सवत' म्हणतात. या नावात थोडा राग असला, तरी पेटी उचलताना तिची दुसरी कडी त्यांच्याच हातात असते, हे येथे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे.

या पेटीत जुन्या मराठी मासिकांचे व दिवाळी अंकांचे मिळून १८६ अंक आहेत. बहुतेक १९३० ते १९७५ या काळातले. शाळामास्तराच्या घरी जुनी मासिके असावीत यात नवल ते काय, असे वाचकांना वाटेल. परंतु हे अंक आम्ही आतल्या मजकुरासाठी जमविलेले नाहीत. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाच्या तोंडी हे विधान शोभत नाही खरे. तथापि वस्तुस्थिती तीच आहे. आम्ही ते जमविले ते त्यांच्या वरच्या पानासाठी, मुखपृष्ठासाठी.

यंदा कन्या बंगळूरहून चार दिवस आली होती. पेटीवरची धूळ उडताच तिच्या आईला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर कन्या म्हणाली, "बाबा, या सगळ्यांचे मी फोटो काढून देते. बोटाएवढ्या जागेत मावतील. मग हा कागद कशाला सांभाळायचा? आईचा दमा बघता ना तुम्ही?"

प्रश्न सरळ होता, आणि त्यात आईच्या प्रकृतीची गोष्ट असल्यामुळे हसण्यावारी नेण्याजोगाही नव्हता. त्या वेळी आम्ही उत्तर दिले नाही. या महिन्याचे हे सदर म्हणजे ते उत्तर होय.

त्यासाठी प्रथम आमचा एक अपराध सांगितला पाहिजे. १९९४ साली आम्ही एका तालुक्याच्या गावी सरकारी शाळेत नवखे सहशिक्षक होतो. नवख्या शिक्षकाच्या गळ्यात जी कामे आपोआप पडतात, त्यांत ग्रंथालय हे एक. त्या वर्षी गावातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी आपल्या घरची मासिके शाळेला दिली. 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'दीपावली', 'हंस', 'मोहिनी' असे सुमारे दोनशे अंक, वर्षवार सुतळीने बांधलेले, दोन हातगाड्यांवरून शाळेत आले. सुटे अंक मुलांच्या हातांत टिकणार नाहीत, म्हणून त्यांची बांधणी करून घ्यावी असे ठरले. बाइंडर आला. त्याने गठ्ठे उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, "वरची पानं काढू काय, सर? लई जाड होतंय बघा. आणि हा गुळगुळीत कागद खळ धरत नाही."

मंजूर रक्कम थोडी होती. खंड जाड झाला की खर्च वाढत होता. शिवाय मुखपृष्ठाच्या पाठीमागे होत्या त्या साबणाच्या आणि केशतेलाच्या जाहिराती. आम्ही शहाण्या माणसाच्या सुरात सांगितले, "काढा. मजकूर महत्त्वाचा."

पंधरवड्याने काळ्या कापडी पाठीचे, सोनेरी आकड्यांचे एकवीस खंड कपाटात उभे राहिले. मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली. आम्हांलाही धन्यता वाटली. महिन्याभराने पोस्टमास्तर ते पाहावयास आले. त्यांनी एक खंड उघडला, पाने चाळली, मिटला. दुसरा उघडला, तोही मिटला. मग विचारले, "चित्रं कुठं गेली, गुरुजी?"

आम्ही खर्चाचे, जाडीचे, खळीचे कारण सांगितले. त्यांनी ते सगळे शांतपणे ऐकून घेतले. नंतर इतकेच म्हणाले, "आमच्या घरातली त्याच्यावर लिहायची."

पुढे हळूहळू कळले ते असे. पोस्टमास्तरांची नोकरी बदलीची. धारवाड, गदग, विजापूर, असे करीत सारा जन्म गेला. जिथे जातील तिथे मराठी बिऱ्हाडे मोजकी असत आणि घरात येणारे मासिक सर्वांचे असे. अंक टपालाने आला की त्यांच्या पत्नी मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख घालीत. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस, जाहिरातीच्या मोकळ्या जागेत, तो कोणाकडे वाचावयास गेला आणि कधी परत आला याची टीप ठेवीत. तीस-पस्तीस वर्षांची ही नोंद होती. कोणत्या गावी कोणती मराठी कुटुंबे होती, कोण बदलून गेले, कोणाकडे अंक दोन दिवसांत परत येई आणि कोणाकडे महिनाभर रेंगाळे, हे सारे त्या पानांवर होते. त्या बाई १९८८ साली वारल्या. आणि १९९४ साली आम्ही, मराठीचे द्विपदवीधर, ती सर्व पाने फाडावयास सांगून मोकळे झालो.

आम्ही बाइंडरकडे धावलो. काही पाने रद्दीत गेली होती. उरलेली त्याने आमच्याच खंडांच्या पाठींना आतून अस्तर म्हणून लावली होती.

चार दिवसांनी पोस्टमास्तर पुन्हा आले. हातात 'दीपावली'चा एकच अंक होता. शेजारच्या एका घरी राहून गेलेला, म्हणून हातगाडीवर न चढलेला. तो आमच्यापुढे ठेवून म्हणाले, "हा बांधू नका." आमच्या संग्रहातला पहिला अंक तो. बाकीचे १८५ त्यानंतर आले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मासिकातला चांगला मजकूर बहुधा टिकतो. कथा पुढे कथासंग्रहात जाते, कविता काव्यसंग्रहात, कादंबरीचे पुस्तक होते, लेखांचेही होते. मुखपृष्ठ मात्र कुठेही जात नाही. ते त्या अंकाबरोबर जन्मते आणि त्या अंकाबरोबरच जगते किंवा मरते. वरचे असल्यामुळे सर्वांत आधी तेच मळते, दुमडते, निखळते. आणि जे निसर्ग करीत नाही ते ग्रंथालये करतात. बांधणीच्या वेळी मुखपृष्ठ व जाहिराती काढून टाकण्याची रीत केवळ आमची नव्हती, ती जगभर होती. आता जुन्या मासिकांची पाने यंत्राने टिपून ठेवली जातात, ते काम मोठे उपकाराचे आहे; परंतु टिपण्यासाठी मिळतात ते बहुधा हेच बांधलेले खंड. त्यामुळे तिथेही मजकूर सापडतो आणि चेहरा सापडत नाही.

आणि हा चेहरा कोणी रंगविला, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा आम्हांला एक सुखद धक्का बसला. आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक नेहमी अशा समजुतीत असतो की मराठी मासिके तिकडे तयार होतात आणि आपण इकडे त्यांची वाट पाहतो. ती मुंबई-पुण्यात छापली जात हे खरे. पण त्यांना रूप देणारे हात?

'मासिक मनोरंजन' काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली काढले आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक निघाला. मराठी दिवाळी अंकांची परंपरा आपण तेथून मोजतो. सुरुवातीच्या मासिकांचे वरचे पान म्हणजे नाव, नक्षीची चौकट आणि अनुक्रमणिका. चित्राने ती चौकट व्यापावी, ही गोष्ट हळूहळू घडली. तिला जोर दिला तो 'किर्लोस्कर'ने. आणि किर्लोस्करांचे मूळ पाऊल बेळगावचे! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले ते १८८८ साली आमच्या या गावात. पुढे येथील जागा सोडावी लागली, औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळरान दिले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथून १९२० साली कारखान्याचे वार्तापत्र म्हणून 'किर्लोस्कर खबर' निघाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पुतणे. ते चित्रकला शिकलेले होते, आणि हीच गोष्ट निर्णायक ठरली. चित्रकार संपादकाच्या खुर्चीवर बसला म्हणजे चित्र हे मजकुराचे मागून आलेले शेपूट राहत नाही. पुढे १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' अशी भावंडे आली. लोखंडी नांगराची बातमी देण्यासाठी निघालेल्या पत्रकातून मराठी घराला शिकलेल्या, धीट, घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीचे चित्र पाहावयास मिळाले, ही साधी गोष्ट नव्हे.

बेळगावाहून चोर्ला घाट उतरला की गोवा. दीनानाथ दलाल यांचा जन्म १९१६ साली मडगावचा. रघुवीर मुळगावकर यांचा १९१८ साली अस्नोड्याचा. दोघेही पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मले, मुंबईस गेले आणि पुढची तीस वर्षे मराठी माणसाने जे वाचले त्याचे मुखदर्शन बहुतांशी या दोघांनी घडविले. दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. त्यांची रेषा मोजकी आणि डौलदार. पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण हातात मुरलेले, पण दागिना, पदर, केसांतले फूल आले की तीच रेषा आपल्या जुन्या चित्रांसारखी लयीत वळते. खाली कोपऱ्यात 'दलाल' ही तीन अक्षरे असली म्हणजे पुरे. मुळगावकरांची तऱ्हा निराळी. त्यांच्या चित्रात रेषा दिसतच नाही. रंग जणू फुंकरीने बसविलेला. चेहऱ्यावरची कांती आतून उजळल्यासारखी. त्यांनी रंगविलेले देव दिनदर्शिकांवरून घरोघरच्या भिंतींवर गेले, आणि त्याच हातांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही केली. देवघर आणि झुंजार यांना एकच चित्रकार पुरून उरला! दलाल १९७१ साली गेले, मुळगावकर १९७६ साली.

तिसरे नाव आमच्या जिल्ह्यातले. शि. द. फडणीस यांचा जन्म १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या गावी झाला. अनंत अंतरकरांच्या 'हंस' व 'मोहिनी' या मासिकांसाठी त्यांनी रंगीत हास्यचित्रांची मुखपृष्ठे केली. 'मोहिनी'च्या १९५२ च्या दिवाळी अंकावरचे त्यांचे चित्र जुन्या वाचकांना आठवत असेल. एक तरुण, एक तरुणी. त्याच्या शर्टावर मांजरांची नक्षी आणि तिच्या साडीवर उंदरांची! त्याखाली एक शब्दही नाही आणि शब्दाची गरजही नाही. याच बेळगावात १९३५ साली जन्मलेले आणि के. बी. कुलकर्णी यांच्याकडे चित्रकलेचे धडे घेतलेले रवी परांजपे यांचे नावही या मालिकेत घेतले पाहिजे. ते २०२२ साली पुण्यात निवर्तले.

आणि मुलांचा 'चांदोबा' तर मद्रासहून येई. बी. नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी १९४७ साली तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केलेल्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ साली निघाली. त्यावरची चित्रे वड्डादि पापय्या, शंकर अशा दक्षिणेकडील चित्रकारांची. एकाच चित्राखाली मराठी मूल मराठी वाची आणि शेजारचे कानडी मूल कानडी. आमच्या गल्लीत दोन्ही अंक येत, आणि चित्र तेच असल्यामुळे आम्हां मुलांना एकमेकांच्या अंकातली गोष्ट अर्धी न वाचताच कळे. सीमेवर वाढलेल्या मुलांना याहून चांगला शेजारधर्म कोणी शिकविला असेल असे वाटत नाही.

वाचकहो, घरात असा एखादा अंक असेल तर एक भिंग घेऊन त्याचे मुखपृष्ठ पाहा. चित्र नाहीसे होईल आणि ठिपक्यांची रांगोळी दिसू लागेल. पिवळे, तांबडे, निळे आणि काळे. एवढेच चार रंग. मूळ चित्राची चार वेळा निरनिराळी प्रकाशचित्रे घेऊन त्यांचे जस्ताचे किंवा तांब्याचे चार ठसे करीत आणि एकच कागद यंत्रातून चार वेळा काढीत. दर वेळी तो केसभरही न हलता त्याच जागी बसावा लागे. तो थोडा हलला की नायिकेच्या ओठांचा रंग गालावर उतरे. असे 'चुकलेले' अंक आम्हांस विशेष प्रिय आहेत, कारण त्यांत यंत्रावर उभा राहिलेला माणूस दिसतो. आतला मजकूर साध्या खरबरीत कागदावर खिळ्यांनी जुळवून छापीत आणि मुखपृष्ठ गुळगुळीत कागदावर निराळे छापून आणून नंतर टाचीत. म्हणूनच ते इतके सहज निखळते. एक टाचणी गंजली की अर्धे नाते तुटते.

संग्रहाचे आमचे नियम थोडे आहेत. सबंध अंकाचे मुखपृष्ठ फाडून चौकटीत लावू नये, आणि ज्याने त्यासाठी फाडले असेल त्याच्याकडून विकत घेऊ नये. गिऱ्हाईक मिळाले की तो आणखी चार अंक फाडतो. आधीच निखळलेले, बेवारशी पान मिळाले तर मात्र ते अवश्य उचलावे. रद्दीच्या दुकानात अंक घेताना आतली रंगीत चित्रे जागेवर आहेत का, ते अनुक्रमणिकेशी ताडून पाहावे. प्रत्येक अंकाची वहीत नोंद करावी : नाव, महिना, वर्ष, चित्रकार, कोठून मिळाला. मुखपृष्ठावर कोणाचे नाव, तारीख, ग्रंथालयाचा शिक्का असेल तर तो डाग समजून खोडू नये. हा शेवटचा नियम आम्ही कोणाकडून शिकलो हे सांगावयास नको.

रक्षणाविषयीही दोन शब्द. आपल्या वाडवडिलांची रीत अशी की पावसाळा सरला की पुस्तके उन्हात घालावीत. मुखपृष्ठांच्या बाबतीत ही रीत घातक आहे. उन्हाने तांबडा व पिवळा रंग आधी उडतो आणि निळा मागे राहतो. दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेले अंक निळसर फिकट झालेले आपण पाहतोच. अंकांना हवा द्यावी, ऊन देऊ नये. चिकटपट्टी कधीही लावू नये. काही वर्षांत ती सुकून गळते आणि तिचा तपकिरी डाग कायमचा राहतो. गंजलेली टाचणी अलगद काढून तिच्या जागी सुती दोरा ओवावा. अंक उभे न ठेवता आडवे ठेवावेत, दहा-बारांहून अधिक एकावर एक रचू नयेत, मधे पातळ पांढरा कागद घालावा. घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून ती टाळावी. पेटी जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवावी, आणि कसर लागली आहे का ते दर महिन्यास पाहावे. आतला स्वस्त कागद पिवळा पडणारच. तो लाकडाच्या लगद्याचा असतो आणि लाकडातले द्रव्य हवा-उजेडाने काळवंडते. अंधार आणि कोरडेपणा यांनी ते लांबविता येते, थांबविता येत नाही.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुखपृष्ठाच्या गुळगुळीत कागदावर चिनी मातीचा लेप असतो. तो भिजला आणि तसाच वाळला की पाने एकमेकांना अशी चिकटतात की मग ब्रह्मदेवालाही सुटत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमधील पुरानंतर एका गृहस्थांनी आमच्याकडे एक गठ्ठा आणला होता. त्यांनी तो मोठ्या निगुतीने वाळविला होता, परंतु न उघडता. हातात आली ती वीट. भिजल्याबरोबर, ओले असतानाच, पाने सोडवून मधे कोरडे कागद घातले असते तर त्यांतले बरेच वाचले असते.

आता कन्येच्या प्रश्नाचे उत्तर. छायाचित्रे अवश्य काढावीत. मुखपृष्ठाचे पुढचे, मागचे आणि आतले पानही. ती दूरच्या माणसाला पाहता येतात, मूळ अंक वारंवार हाताळावा लागत नाही, आणि एक पेटी गेली तरी चित्र उरते. एवढे पथ्य पाळावे की ती छापून विकू नयेत. आपल्याकडील कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचा हक्क चालतो, आणि दलाल-मुळगावकरांची ती मुदत अद्याप संपलेली नाही.

परंतु छायाचित्र काढले म्हणून अंक टाकून देता येत नाही. १९९४ साली आम्ही नेमके हेच म्हटले होते : महत्त्वाचे तेवढे ठेवले, बाकी गेले तरी चालेल. त्या वेळी आम्हांला मजकूर महत्त्वाचा वाटला. आज कन्येला चित्र महत्त्वाचे वाटते. उद्या कोणाला जाहिरात महत्त्वाची वाटेल, कोणाला कागद, कोणाला कोपऱ्यातली पेन्सिलीची तारीख. काय महत्त्वाचे हे ठरविण्याचा अधिकार आपल्याच पिढीकडे आहे असे मानणे, हाच आमचा तो अपराध होता. सबंध अंक ठेवला म्हणजे तो अधिकार पुढच्यांकडे जातो.

सौभाग्यवतींच्या दम्याचे काय? तोही कोरा युक्तिवाद नव्हे, आणि जुन्या कागदासाठी जित्या माणसाचा श्वास कोंडणे हा कोणताही धर्म नाही. म्हणून यंदा पेटी पुन्हा माळ्यावर गेली नाही. झोपण्याच्या खोलीपासून दूर, बाहेरच्या खोलीत दाराचे एक कपाट करून घेतले. धूळ झाडण्याचे काम अंगणात, नाकाला फडके बांधून, एकट्या आमचे. सवतीला वेगळे घर मिळाल्याबद्दल सौभाग्यवतींनी समाधान व्यक्त केले. आमची निवृत्तीही आता फार दूर नाही. त्यानंतर हा संग्रह आपल्या भागातल्या एखाद्या ग्रंथालयास द्यावयाचा आहे, आणि देताना एकच अट घालू : बांधू नका.

जाण्यापूर्वी कन्येने दोन दिवस बसून सर्व अंकांची छायाचित्रे काढली. सर्वांत शेवटी पोस्टमास्तरांचा अंक हाती घेतला. पुढचे पान झाले, मागचे झाले. मग आतल्या पानावरची बारीक पेन्सिलीची अक्षरे ती मोठ्याने वाचू लागली. कोणाकडे गेला, कधी परत आला. कोणाकडे गेला, कधी परत आला. अशा आठ ओळी. नववीत एका घराचे आडनाव आणि १९८७ सालची तारीख आहे. त्यापुढची जागा मोकळी.

"बाबा, हा परत आलाच नाही?"

आला, पण सात वर्षांनी, लिहिणारा हात नसताना. अंक शाळेस दिले असे ऐकून त्या शेजारणीने ओशाळून तो आणून दिला होता. वेळेवर परत आला असता तर तोही हातगाडीवर चढला असता आणि आमच्या हुकुमाने त्याचे वरचे पान गेले असते.

कन्येने पेन्सिल उचलली, आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली ठेवली. ती जागा आम्ही मोकळीच राहू दिली आहे.